सीडी अडकायची तिथपासून पुढे

मिस्त्रीला शिलाई मशीनचं दुखणं आवाजावरून कळायचं. कोणी मशीन घेऊन दुकानात शिरलं की तो झाकण उघडायचा नाही, म्हणायचा, आधी चालवून दाखवा. चार टाके ऐकले की शटलमध्ये दोरा गुंतलाय, पट्टा सैल झालाय की बाईंनीच सुई उलटी बसवलीय, हे सांगून मोकळा. हाताला तोड नव्हती. जिभेचं मात्र विचारू नका. जिभेला हाड कोणाच्याच नसतं, पण ह्या गृहस्थाच्या जिभेला लगामही नव्हता. वर खोटं बोलायचा. मोठं नाही हो, किरकोळच. जुना भाग घासूनपुसून बसवायचा आणि छातीठोकपणे सांगायचा, "नवाकोरा टाकलाय."

एके दिवशी त्याच्या वीस वर्षांच्या मुलीने हेच गिऱ्हाइकासमोर सांगून टाकलं. "नवा नाहीये तो, बाई. काल मीच घासला." झालं. मिस्त्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुकानात दोन-तीन माणसं उभी असताना तो म्हणाला, "आजपासून तू मला मेलीस." पोरगी बापाच्याच वळणाची. हातातलं तेलाचं फडकं टेबलावर ठेवलं आणि निघून गेली.

गेली कुठे, तर तीन गल्ल्या पलीकडे, मैत्रिणीकडे. आई दोनदा जाऊन आली. मुलगी म्हणाली, त्याला येऊ दे. बायको रोज मिस्त्रीच्या मागे लागायची, "अहो, जा ना. वाट बघतेय ती." हा म्हणायचा, "तिला पाय आहेत. गेली तशी येईल." अकरा दिवस हेच. एकदा तर 'सुंठीवाचून खोकला गेला' असंही म्हणाला. ते आठवलं की अजून त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. बाराव्या दिवशी मैत्रीणच दारात आली. मुलगी सकाळी बॅग घेऊन गेली होती, कुठे ते न सांगता. फोन बंद. पोलिसांनी वहीत लिहून घेतलं आणि ते वहीतच राहिलं.

ह्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षांत मिस्त्रीने फिरायचं कुठे बाकी ठेवलं नाही. बसस्थानकं झाली, मुलींची वसतिगृहं झाली, इस्पितळं झाली, आणि जिथे चादर वर करून दाखवतात तिथेही तो दोनदा जाऊन आला. वरातीमागून घोडं, दुसरं काय. आता ती परत यावी एवढीही त्याची मागणी नव्हती. ती जिवंत आहे की नाही, एवढंच कळायला हवं होतं. बायकोने बोलणं टाकलं होतं. ताट वाढायची, आणि मीठ हवं का हे भिंतीला विचारायची.

रविवारी दुपारी मात्र ती एक सीडी लावून बसायची. मुलगी सहा वर्षांची असताना मिस्त्रीने जुन्या बाजारातून आणलेला जपानी कार्टून सिनेमा तो. ना वेष्टन, ना धड नाव, वर नुसतं एक चित्र. भाषेतला एक शब्द कळत नव्हता, म्हणून मिस्त्रीच शेजारी बसून सगळी पात्रं बोलायचा. मिठागरात काम करणाऱ्या बापाची एक छोटी मुलगी रुसून ओहोटीच्या वेळी दीपगृहाकडे चालत जाते. मग भरती येते. मुलगी पायरीवर बसलेली, पायाशी पाणी, आणि तिथे सीडी अडकायची. चरा होता. पुढचं कधी कोणी पाहिलंच नाही.

पहिल्यांदा अडकली तेव्हा पोरीने भोकाड पसरलं. तेव्हा मिस्त्रीने स्वतः पाहिल्यासारखा शेवट ठोकून दिला. बाप येतो, चपला हातात धरून, कमरेएवढ्या पाण्यातून. "मग इतका उशीर का झाला त्याला?" पोरीने विचारलं. मिस्त्रीला दुसरं काय सुचणार? म्हणाला, "वाटेत एका बाईची शिलाई मशीन अडली होती. ती चालू करून आला." त्यानंतर दर रविवारी चित्र अडकलं की पोरगी डोळे मिटून म्हणायची, "आता तू सांग." आणि हा सांगायचा.

परवा मिस्त्री ती सीडी दुकानात घेऊन आला. चरा घासून निघाला तर बायकोला पुढचं दिसेल, निदान एखादा शब्द तरी बोलेल, ही आशा. समोरच्या शिंपीणबाई मशीन न्यायला आल्या होत्या. त्यांनी सीडीवरच्या चित्राचा फोटो काढला, फोनमध्ये काहीतरी खुडबुड केली आणि म्हणाल्या, "मिस्त्री, सापडला की तुमचा सिनेमा. फारसा कोणाला माहीत नाही म्हणे, पण पाहणाऱ्यांनी खाली मराठीत मतं लिहिलीत. वाचू?"

मिस्त्री सीडीला मऊ फडकं मारत होता. म्हणाला, वाचा.

एकाला समुद्राचे रंग आवडले होते. एक म्हणत होता, इतका संथ सिनेमा की मी दोनदा पेंगलो. एका बाईने पार्श्वसंगीतावर निबंधच लिहिला होता. शिंपीणबाई हसत हसत वाचत होत्या. "आणि हे ऐका, ह्या राखाडी मांजराचा फोटो लावलेल्याने काय लिहिलंय. म्हणे, शेवटी बाप चपला हातात घेऊन येतो, आणि उशीर का तर वाटेत कोणाची तरी शिलाई मशीन..."

फडकं मिस्त्रीच्या हातातून पडलं.

"पुढे वाचा," तो म्हणाला. बाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचं हसू जागीच थांबलं.

खाली लोकांनी मांजराची टर उडवली होती. मिठागरात शिलाई मशीन कुठून आली? स्वप्नात पाहिलास का सिनेमा? मांजर हट्टाने भांडत होतं: मी शंभर वेळा पाहिलाय, असाच आहे शेवट. शेवटी कोणीतरी वैतागून पूर्ण सिनेमा कुठे मिळेल ते दिलं होतं. त्याखाली मांजराचं शेवटचं मत होतं. बाई सावकाश वाचू लागल्या.

"आज पूर्ण पाहिला. तुमचं बरोबर आहे. तिला आणायला कोणीच येत नाही. सकाळी पाणी उतरतं आणि ती एकटीच घराच्या उलट्या दिशेने चालायला लागते. बाप येतो ते माझ्या बाबाने रचलेलं होतं."

"तारीख?" मिस्त्रीने विचारलं.

"अकरा महिने झाले."

म्हणजे अकरा महिन्यांपूर्वी ती होती. नंतरचं कोणाला ठाऊक? मिस्त्री स्टुलावर बसला आणि रडला, गिऱ्हाइकासमोर, तोंडावर हात न घेता. बाईंनी फोन त्याच्यापुढे धरला. "लिहा," म्हणाल्या. "मी नाही लिहिणार. तुम्हीच लिहा."

एका बोटाने, तेलकट काच पुसत पुसत त्याने लिहिलं. 'तो शेवट रचणारा मीच. आई बरी आहे. तू आहेस एवढंच कळव.'

बाईंनी फोन त्याच्याकडेच ठेवला. उद्या द्यायचे कबूल केलेले दोन ब्लाउज तसेच टाकून त्याही बसून राहिल्या. तासाभराने फोन वाजला. मिस्त्री उठताना स्टूल आडवं झालं. कोणी परक्यानेच लिहिलं होतं: 'काका, तुम्हीही तोच भलता सिनेमा पाहिलात वाटतं.' मिस्त्रीने त्यालाही उत्तर दिलं. 'हो,' लिहिलं.

तो दिवस गेला, दुसरा गेला. बायकोला सांगितलं, तेव्हा ती गॅस बंद करून निघाली. दुकानात येऊन ती फोनजवळ बसली. मिस्त्रीने एकही मशीन उघडली नाही. तिसऱ्या दुपारी राखाडी मांजर दिसलं. एकच ओळ होती.

'मग तू का नाही आलास, बाबा?'

बायको ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती. पोरगी जिवंत होती. मिस्त्री टेबलाला धरून उभा होता. त्याला वाटलं, लिहावं, आजारी होतो. लिहावं, निघालोच होतो, तेवढ्यात तू गेलीस. आयुष्यभर असलं काहीतरी पटकन सुचत आलं होतं, आत्ताही चार कारणं जिभेवर आली. त्याने बायकोकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"खरं लिहा," ती म्हणाली.

त्याने लिहिलं, 'तुला पाय आहेत म्हणत बसलो. पाय मलाही होते.'

पाठवून दोघं बसली आहेत. अजून पुढचं काही आलेलं नाही.