तिची बोटीवरची जोडीदारीण

लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला मुलीने आम्हाला अंदमानची सहल दिली. रोज बोटीतून खोल समुद्रात जायचं, सोबत एक जाणकार गाइड, आणि डॉल्फिन, कासवं, नशीब असलं तर देवमासाही बघायचा. मी म्हटलं, नर्मदा मैया दारात असताना खाऱ्या पाण्यात ओकाऱ्या काढायला कोण जातं? बायको म्हणाली, "मग मी एकटी जाते." आणि गेली. दोन दिवसांत रडत फोन करेल, असं मला वाटलं होतं.

आठवड्याने परतली ती नवी मैत्रीण जोडूनच. बोटीवर गाइडने अनोळखी लोकांच्या जोड्या लावल्या होत्या. एकाने दुर्बिणीतून आपल्या बाजूचं पाणी बघायचं, दुसऱ्याने वहीत टिपायचं, तासाभराने अदलाबदल. मोबाईल बंद. डॉल्फिन दिसणार घटकाभर, बाकी वेळ नुसतं पाणी. मग माणसं बोलणारच. हिच्या वाट्याला कोचीची, बँकेतून निवृत्त झालेली एक बाई आली होती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी, नेमका आमच्या चहाच्या वेळी, त्या बाईचा फोन. तिचं हिंदी मोडकंतोडकं, तरी दोघी पोट धरून हसायच्या. हिचा गुडघा दुखतो हेसुद्धा आधी कोचीला कळायचं, मग मला. माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू? पुरुष असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

एकदा ही सदर बाजारात भाजी आणायला गेली आणि फोन घरीच विसरली. वाजला तसा मी मुद्दाम उचलला.

"भैया," ती बाई म्हणाली, "दीदी को अब पानी से डर नहीं लगता ना? पहले दिन मेरा हाथ छोड़ा ही नहीं. बचपन में डूबी थी ना, इसलिए."

मी "हाँ जी, हाँ जी" करत राहिलो, जसं काही मला ठाऊकच होतं.

मला काहीएक ठाऊक नव्हतं. पस्तीस वर्षं दर संक्रांतीला मी नर्मदेच्या ग्वारीघाटावर डुबकी मारतो आणि ही माझे कोरडे कपडे मांडीवर घेऊन पायरीवर बसते. दरवर्षी मी चारचौघांत तिला चिडवतो, मॅडमना थंडी वाजते म्हणून. तीही हसते. माझ्या बायकोची ही गोष्ट एका परक्या बाईला पहिल्याच दिवशी मिळाली, याचा मला इतका राग आला की त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला घाटावर घेऊन गेलो. पायरीवर बसलो. शेवटी न राहवून विचारलं, "लहानपणी बुडाली होतीस, मला काहून नाही सांगितलं?"

ती दचकली नाही. म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही मला दुसऱ्याच दिवशी पोहायला शिकवायला निघाले असते."

"आणि तिने काय केलं?"

"काही नाही. हात धरून बसून राहिली."

तिचा हात तिथेच होता, माझ्या हाताशेजारी. आणि मी मनात हिशोब करत होतो, की भंवरतालच्या जलतरण तलावावर बायकांची पोहण्याची वेळ सकाळची असते की संध्याकाळची.