विहिरीवरचं ओलं पोतं

दीड महिना झाला. सकाळी विहिरीपाशी होतो, तेव्हा फोन आला. वंदीची मैत्रीण बोलली, "काका, वंदी गेली..." साधा ताप आहे, असं त्याच्या चारच दिवस आधी सांगितलं होतं माझ्या पोरीनं.

वंदी माझी एकुलती एक. शहरात राहून गोगलगायींवर पीएचडी करत होती. कोणती गोगलगाय कोणाच्या कुळातली, हे शोधायचं. मी चौथी शिकलेला. म्हणायचो, "आमी मारून राह्यलो अन् तू त्याइची सोयरीक पाहून राह्यली." ती म्हणे, "बाबा, तुमाले सोताचे मामेभाऊ धड माईत नाई. मले तरी पाहू द्या."

तिनंच सांगितलं होतं, बिनशंखाच्या गोगलगायी सगळ्या एका कुळातल्या नसतात. वेगवेगळ्या कुळांनी आपापल्या वाटेनं शंख गमावले, म्हणून त्या सारख्या दिसतात. तिची आई वारली तेव्हा लोक म्हणत, दुःख सगळ्याइचं सारखंच. मले ते तेव्हाही पटलं नाही.

मागच्या पावसाळ्यात घरी आली, तेव्हा तिले विहिरीवर एक वेगळीच गोगलगाय दिसली. अंग मोठं, पाठीवर नखाएवढा शंख, आत मावतच नव्हती. ही नेमकी कोणाची, ते तिले ठरवायचं होतं. पण धरायच्या आत कपारीत शिरली. वंदीनं संध्याकाळी तिथं ओलं पोतं अंथरलं अन् सकाळच्या जीपनं कारंजाले ती ठेवाले बाटल्या आणाले गेली. मले सांगायचं राहिलं. सोयाबीन वाचवाले आमीही अशीच पोती टाकतो, रात्री गोगलगायी खाली जमतात. गड्यानं टाकलं असंल म्हणून मी ते उचललं, अन् खालचं सगळं मिठाच्या पाण्याच्या बादलीत झटकलं.

ती आली, बादलीत काडी फिरवत बसली. नुसता फेस अन् चिकटा. "बाबा, ती होती याच्यात." चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "राहू द्या. पुढच्या पावसाळ्यात पाहू."

तिची वही तिच्या सरांनी घरी आणून दिली. त्यात कुळांचं झाड काढलं आहे. एक फांदी कोणालेच जोडलेली नाही. तिच्यापाशी लिहिलं आहे, 'आमच्या विहिरीवरची'. मी सरांले विचारलं, ही कोणाची? ते म्हणाले, "ती गोगलगाय हाती असती तर सांगता आलं असतं."

औंदा मी मीठ टाकलं नाही. अर्धं सोयाबीन खाल्लं त्याइनं, खाऊ द्या. रोज संध्याकाळी पोतं भिजवतो, सकाळी उचलतो. खाली नेहमीच्याच असतात, मोठ्या शंखाच्या. ती नाही... अन् उद्या सापडलीच, तर दाखवू कोणाले? तरी पोतं वाळू देत नाही.