कड्यातली मेख

चढता येईल का, या नजरेने माझ्या व्याह्यांनी पाहिली नाही अशी भिंत पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत उरलेली नाही. चिखलीच्या वर्कशॉपात फिटर म्हणून हयात घालवलेल्या या गृहस्थांनी मुलांच्या लग्नात, अक्षता पडत असताना, कार्यालयाचा खांब चाचपून मला हळूच सांगितले, "व्याही, याला पकड नाही." मी पडलो मुलीचा बाप, मान डोलावली. तेव्हापासून डोलावतोच आहे.

त्यांचे खरे दैवत म्हणजे कोकणातला एक समुद्रकडा. रस्ता संपल्यावर दोन तास चालावे, मग खाली लाटा आणि वर तो. तरुणपणी व्याही आणि त्यांचा जोडीदार काथ्याच्या दोरावर, अनवाणी तो चढले. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवलेली मेख त्यांनी मध्यावर ठोकली. उतरताना जोडीदाराचा पाय सुटला आणि त्या मेखेने त्याला धरले. पुढे जोडीदार आजाराने गेला, मेख राहिली. ही हकीकत ऐकून ऐकून माझे कान थकले आहेत.

यंदा आकुर्डीच्या गिर्यारोहक मुलांनी त्या कड्यावरचे जुने लोखंड काढून नवे बोल्ट बसवायचे ठरवले. मी कचेरीसमोर लोकांचे अर्ज लिहायला बसतो; व्याही तडक माझ्या टेबलाशी आले. "अर्ज लिहा. कडक." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे असले तरी माझ्या अर्जाला आजवर कोणी नावे ठेवलेली नाहीत. मी मुलांच्या मंडळाच्या नावे लिहिले : 'सदर कड्यात अर्जदाराची मेख असून ती कोणीही काढू नये.'

तिसऱ्या दिवशी मंडळाची म्होरकी मुलगी व्याह्यांच्या घरी हजर. मीही तिथेच होतो.

"काका, अर्ज चारदा वाचला. मेख आहे म्हणता, पण नेमकी अडचण काय, ते लिहिलंच नाही."

"अगं, मेख म्हणजे मेख. लोखंडाची."

"ती होय! ती गंजून एवढीच उरलीय, काका." तिने करंगळी दाखवली. "उद्या कुणी भरवशावर लटकलं तर?"

व्याह्यांनी स्वतःची करंगळी तिच्या करंगळीशेजारी धरून पाहिली. मग माझ्याकडे वळले. "लिहा. अर्ज मागे."

मेख तिने आणून दिली. ती त्यांनी भिंतीत ठोकली नाही. "हिनं आता कुणाला धरायचं नाही," म्हणाले, आणि फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली.

परवा नातीच्या बारशाला कार्यालयात ते खांबाशेजारी नुसतेच उभे होते. शेवटी मीच खांब चाचपला आणि म्हणालो, "व्याही, याला पकड नाही."

त्यांनी मान डोलावली.