म्हसवडच्या अंगणातलं भाषण

आटपाडीच्या अंगाला कुणाचं रक्षाविसर्जन असलं की सुभेदार लालासाहेबांना बोलावणं ठरलेलं. कावळा शिवला की मंडळी श्रद्धांजलीला बसायची आणि लालासाहेब उठायचे. मयत कोण नि पुढं बसलंय कोण, दोन्ही बघून गडी बोलायचा. फौजी गेला तर सरहद्द काढायची, म्हातारी गेली तर चूल. पुढारी आलेले असले तर दुःखातून वाट काढत गावच्या रस्त्याचा विषयही सरकवायचा. ज्यानं उभ्या जन्मात शेजाऱ्याचा बांध कोरण्यापलीकडं काही केलं नाही, त्याच्यासाठीही बाया डोळ्याला पदर लावायच्या.

घरात मात्र सगळा आनंद! बायकोला, साळूबाईला, ‘जेवाय वाढ’ याच्यापुढं चार शब्द दिले असतील तर शपथ. तिची आई वारली तेव्हा म्हसवडला नदीकाठी त्यांनी अर्धं गाव रडवलं आणि तिच्याकडं न बघताच दुसऱ्या गावच्या श्रद्धांजलीला जीप पकडली. बाई माहेरीच राहिली. निरोपावर निरोप गेले, तरी येईना.

शेवटी घर खायला उठलं. तिच्यावाचून करमत नाही, हे कबूल करायची लाज वाटत होती, पण खरं तेच होतं. लालासाहेब फेटा बांधून म्हसवडला गेले. मेव्हण्यानं, अर्जुनानं, अंगणात चार भावकीतली माणसं बोलावून ठेवली होती. तिथंच घोळ झाला. शहाणा माणूस सैपाकघराच्या उंबऱ्याशी बसून बायकोशी हळू आवाजात बोलला असता. पण माणसं दिसल्यावर ह्यांना राहवतंय व्हय!

ते उभे राहिले. हात जोडले. आपण सरहद्दीवर असताना साळूबाईनं दुष्काळात डोक्यावरनं पाणी कसं वाहिलं, लेकरं कशी वाढवली, सगळं सांगितलं. नेमक्या जागी गळा दाटला. भावकीतली म्हातारी रंगूबाई हुंदके देऊ लागली. अर्जुनानं डोळे पुसत बहिणीला पिशवी भरायला सांगितलं. लालासाहेबांना वाटलं, जिंकलं.

साळूबाई दारात उभी होती. डोळे कोरडे.

“आवं, समद्यास्नी रडवलं तुमी,” ती म्हणाली. “पर तोंड सारखं त्यांच्याकडंच हुतं. माझ्याशी कवा बोलणार? मी मेल्यावर?”

उत्तर द्यायला लालासाहेबांनी घसा खाकरला, आणि सवयीनं पुन्हा मंडळींकडंच वळले.

साळूबाई आत निघून गेली.