गरम सर्टिफिकेट

झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशनच्या तापलेल्या प्लास्टिकचा वास आला, की मला लातूरच्या कॉम्प्युटर क्लासमधला माझा काउंटर आठवतो. तिथं आमची एक रीत होती. चौकशीला कुणी आलं, की बोलता बोलता त्याच्या नावाचं नमुना सर्टिफिकेट छापायचं, लॅमिनेट करायचं आणि गरम गरम हातात द्यायचं. एका दुपारी रेणापूरकडचा एक बाप बारावी झालेल्या पोरीला घेऊन आला. "मॅडम, पोरगी बीसीए करते म्हनून राहिली. तीन वर्षं लई होतात. तुमच्या सा म्हैन्यात नोकरी लागती का? तुमी सांगाल तसं करू." मी म्हणाले, "काका, आयटीत डिग्रीला कोण विचारतंय? हातात सर्टिफिकेट पायजे." प्लास्टिकवर घामाचे ठसे उमटू नयेत म्हणून त्यांनी पोरीचं नाव छापलेला तो कागद खिशातल्या दस्तीवर, रुमालावर घेतला. पोरगी मात्र माझ्या कोपराखालच्या पुस्तकाकडं बघत होती. बीसीएच्या दुसऱ्या वर्षाचं, माझंच. तिनं हळूच विचारलं, "मॅडम, मग तुमी हे कामून शिकून राहिल्या?" बाप तिच्यावरच खेकसला, "गप! मॅडमला उलट बोलती?" मी पुस्तक ड्रॉवरमध्ये टाकलं आणि प्रवेशाचा फॉर्म पुढं सरकवला. तिनं खाली मान घालून सही केली. आज नांदेडच्या एका कंपनीत नोकरीचे अर्ज आधी माझ्याकडं येतात. पदवी नसलेले अर्ज न वाचता बाजूला काढायचे, असा नियम आहे. मी तो कडक पाळते. नावंसुद्धा बघत नाही.