वाळकाच्या बियांचा मुहूर्त

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे मला कशाबद्दलही काहीही विचारलं तरी मी उत्तर देते. न विचारलं तरी देते. पाथर्डीकडून धाकट्या भावाचा फोन आला आणि त्यानं विचारलं, "आक्का, तुझ्याकडं वाळकाचं बी हाय का?" तेव्हा मी "आहे की!" असं इतक्या जोरात म्हणाले, की पलीकडच्या खोलीत पेपर वाचणाऱ्या नवऱ्याला वाटलं माझी हरवलेली कुडी सापडली.

वाळूक म्हणजे काकडीची गावठी बहीण. आमच्या माहेरी ते पावसाळ्यात बाजरीच्या रानात यायचं. पिकलं की पिवळं होऊन तडकायचं आणि घरभर वास सुटायचा. बी आईच्या हातचं, वर्षानुवर्षं धरत आणलेलं. भाऊ दर वर्षी मला पिशवीभर वाळकं आणून द्यायचा. पण गेल्या पावसात त्याच्या शेडचे पत्रे गळले, बियाचं गाडगं भिजलं आणि आत नुसता बुरशीचा लगदा राहिला. गावात मिळेना, तर तो दुकानात गेला. दुकानदारानं त्याच्यापुढे काकडीचं चकचकीत पाकीट ठेवलं आणि हेच घ्या, याला जास्त माल लागतो, म्हणून सांगितलं. म्हणजे आमच्या आईच्या वाळकाचं उरलंसुरलं बी आता नगरला, सावेडीतल्या माझ्या स्वयंपाकघरात, मोहरीच्या जुन्या डबीत होतं. खाल्लेल्या फळाचं बी धुऊन खिडकीत वाळवायची मला खोड आहे, आणि त्यावरून घरात माझी यथेच्छ टिंगल होते.

बी होतं चिमूटभर. भावाला जूनमध्ये बाजरीबरोबर टाकायला चांगलं मूठभर हवं होतं. उन्हाळ्यात त्याच्या विहिरीला पाणी नसतं. माझ्याकडे अंगण आहे आणि बोअरला पाणी आहे. मी लगेच जाहीर केलं, "मी उन्हाळी वेल करते. पेरणीच्या आत तुझं बी तयार." फोन ठेवल्यावर मला कळलं की आपण काय बोलून बसलोय.

कारण वेल उशिरा लावला तर फुलं भर उन्हात सापडणार, गळून जाणार, आणि जूनपर्यंत फळ पिकणारच नाही. लवकर लावावा तर नगरची थंडी. गार मातीत वाळकाचं बी उगवत नाही, कुजतं. या दोन्हींच्या मधे जे काही दिवस असतील ते नेमके कोणते, यावर कुणाचंही एकमत नव्हतं. भाऊ आधी म्हणाला, "संक्रांत झाली की लाव." पुढच्या फोनला म्हणाला, "थांब जरा, गारठा लई हाय." त्याच्या पुढच्या फोनला म्हणाला, "अजून न्हाई लावलं व्हय?" गच्चीवर बाग करणाऱ्या शेजारणीनं मला तिच्या मोबाईलमधल्या ग्रुपमध्ये घातलं. तिथे रोज सकाळी गुलाबाचे फोटो यायचे. नवरा म्हणाला, "पाकिटावर लिहिलेलं असेल की." मी म्हटलं, "मोहरीच्या डबीवर काय लिहिलेलं असणार? मोहरी."

शेवटी मी शास्त्रीय पद्धत काढली. आमच्या न्हाणीघराच्या खिडकीत खोबरेल तेलाची बाटली असते. थंडीत ते गोठतं आणि रोज सकाळी मी बाटली घेऊन उन्हात उभी असते. ज्या दिवशी तेल उन्हात न धरता ओतता येईल त्या दिवशी थंडी सरली, माती उबदार झाली, बी लावायचं. यात मला काही खोट दिसेना. मी ही पद्धत भावाला समजावून सांगितली, शेजारणीला सांगितली, ग्रुपमध्येही टाकली. त्यावर कुणीतरी गुलाब पाठवला.

आणि संक्रांतीच्या अलीकडेच एका सकाळी तेल धार लागून तळहातावर आलं! अंगावर शाल होती, तोंडातून वाफ निघत होती, पण तेल पातळ होतं आणि मी विज्ञानाची शिक्षिका होते. त्याच दिवशी अंगणात आळी केली आणि निम्म्याहून जास्त बी लावून टाकलं. सगळं लावलं नाही ते काही शहाणपणानं नव्हे. आळी करता करता कंबर धरली.

रोज वाकून बघायची. काही दिसेना. शेवटी बोटानं माती उकरली तर बी मऊ पडलं होतं. दाबल्यावर बोटाला पांढरट पाणी लागलं. घरात येऊन तेलाच्या नावानं खडे फोडायला लागले तेव्हा सून म्हणाली, "आई, ते खोबरेल नाहीये. थंडीत न गोठणारं आहे. तुम्हाला रोज उन्हात उभं राहावं लागतं म्हणून तुमच्यासाठीच आणून त्याच बाटलीत भरलं. आवडलं ना?" तिचा चेहरा इतका खुशीत होता की मला धड ओरडताही येईना. मी म्हटलं, "छान आहे. वास छान आहे."

भावाला सांगायचं धाडस झालं नाही. पण त्याचा फोन आलाच, आणि मला खोटं बोलता येत नाही. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण तो म्हणाला, "आई गारठ्यात वल्या फडक्यात बी बांधून कनवटीला खवसायची. अंगाच्या उबंनं मोड यायचे. मोड आलं की मगच लावायची. आता हाय तेवढं तरी नीट कर, आक्का."

मग मी उरलेलं बी ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि कमरेला खोचलं. थंडीच्या दिवसांत पोटाला ओलं फडकं लावून वावरणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. स्वयंपाक करताना, टीव्ही बघताना, देवपूजेला ती पुरचुंडी माझ्या अंगावर. फडकं सुकलं की पुन्हा भिजवायचं. नवरा म्हणायचा, "अंडी उबवतेस की काय?" मी त्याच्याशी बोलणं सोडलं.

अशात आमच्या गल्लीत हळदीकुंकू आलं. पुरचुंडी घरी ठेवावी तर ती गार पडणार. मी फडकं ताजं भिजवून, वर राखाडी रेशमी साडी नेसून गेले. जाताना नीट पिळलं नाही, ही माझी घाई. कुंकू लावून घ्यायला वाकले आणि पाण्याचा ओघळ मला स्वतःला जाणवला. रेशमावर पाणी कसं दिसतं ते सांगायला नको. बायकांचं बोलणं एकदम खाली आलं. एकीनं माझ्यामागे खुर्ची सरकवली. दुसरीनं मला कोपऱ्यात नेऊन माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "या वयात होतं असं. लाजायचं नाही. माझ्या जावेला गोळ्यांनी खूप फरक पडला."

माझं डोकंच फिरलं. भर हळदीकुंकवात मी कमरेची पुरचुंडी उपसून काढली आणि ओरडले, "बी आहे हे! वाळकाचं!" कुणाचाच विश्वास बसेना, म्हणून मी फडकं तिळगुळाच्या ताटाशेजारी उघडून दाखवलं. आणि बघते तर काय, जवळजवळ प्रत्येक बियाला पांढरा, नखाएवढा मोड आला होता. वाण घेऊन निघालेल्या बायकाही माघारी फिरल्या. एक म्हातारी चष्मा पुसत म्हणाली, "अगं बाई, वाळूक! मला वाटलं ते केव्हाच संपलं."

मी मात्र तिळगूळ न खाताच घरी पळाले. मोड आलेलं बी कुणाच्या सल्ल्यासाठी थांबत नाही. महिनाभर मी मुहूर्त शोधत होते आणि आता मोबाईल सांगत होता की थंडीची आणखी एक लाट येतेय. आली तर आली. रेशमी साडीतच बसून मी पिशव्यांमध्ये माती भरली, बी लावलं आणि पिशव्या दिवसा उन्हात, संध्याकाळी घरात असं सुरू केलं. पावलं मोकळी टाकायला घरात जागा राहिली नाही. एक पिशवी नवऱ्याच्या पायानं लवंडली. त्या संध्याकाळी मी त्याला फक्त चहा दिला, जेवण त्यानं हातानं वाढून घेतलं.

काही रोपं गेली. उरली ती अंगणात लावली, आणि कडक ऊन पडायच्या आत वेलांना फळं धरली. मेमध्ये पहिलं वाळूक पिवळं होऊन तडकलं तेव्हा घरातल्या कुणालाही मी ते कापू दिलं नाही. सगळ्या वाळकांचं बी काढलं, धुतलं, वाळवलं. मूठभर तर झालंच, वर थोडं.

पाऊस पडायच्या आधी भाऊ आला. मी डबी त्याच्या हातात दिली आणि माझ्या पद्धतीप्रमाणे बी कसं ठेवायचं, कुठे ठेवायचं यावर बोलायला लागले. तो ऐकत नव्हता. त्यानं बी तळहातावर ओतलं, बोटानं सारखे दोन भाग केले, एक रुमालात बांधला आणि दुसरा डबीत घालून डबी माझ्यापुढे सरकवली.

"अरे, सगळं तुझंच आहे," मी म्हटलं. "मी काय करू त्याचं?"

"ठिव तुझ्याकडं," तो म्हणाला. "आई न्हाई आता. माझ्याकडचं परत गेलं, तर मी मागायला कुणाकडं येऊ?"

मला प्रत्येक गोष्टीवर बोलायची सवय आहे. या वेळी मी नुसती डबी घेतली आणि त्याला जेवायला वाढलं.