गुडघ्याची लाल रेघ

हेमचंद्र भावजींना पोहता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. सोलापूरचा माणूस, लहानपणी पाणी पाहिलं ते हौदातलं. अशा माणसाला अमेरिकेत येऊन नाद कसला लागावा? तर मासेमारीचा! ऑफिसातल्या एका गोऱ्या इंजिनियरने लावला. लांब लवचिक काठी, हलकी दोरी, आणि टोकाला पिसं बांधलेला गळ. माशाला तो किडा वाटला पाहिजे.

बरं, मासा धरून करायचं काय? सोडून द्यायचा! भावजी पक्के शाकाहारी. मी मालवणची, माझं डोकंच फिरायचं. "अहो, मला तरी द्या, तिरफळं घालून झक्क करते!" ते हसायचे, गळ हळूच काढायचे आणि मासा पाण्यात.

त्यांची बायको कांचन माझी जिवाची मैत्रीण. वेस्ट विंडसरला आमची घरं समोरासमोर. तिने या नादाला परवानगी दिली ती एकाच अटीवर. त्यांच्या मांडीपर्यंतच्या रबरी बुटांवर तिने पुढच्या बाजूने, गुडघ्याशी नेलपॉलिशची लाल रेघ ओढली आणि बजावलं, "याच्या वर पाणी गेलं तर घरी येऊ नका." वर्षभरात रेघ झिजायची. दर एप्रिलला ती नव्याने ओढायची, पट्टी धरल्यासारखी सरळ.

उन्हाळ्यात मासे नदीच्या मध्यात आणि भावजी काठाशी, त्यामुळे हाती शून्य. म्हणून ते वर्षभर वाट बघायचे एप्रिलच्या फुगलेल्या पाण्याची. बर्फ वितळलं, वर पाऊस पडला, की मधली ओढ माशांनाही झेपत नाही. मग तेच काठाच्या संथ पाण्यात येऊन थांबतात. बाकीचे लोक पाणी चढलं म्हणून घरी बसायचे आणि हे खुशीत निघायचे.

शहाऐंशीच्या जानेवारीत कांचन कॅन्सरने गेली. एप्रिलमध्ये त्यांच्या विनीताचा कॅलिफोर्नियाहून फोन. "मावशी, प्लीज, बाबांबरोबर जा. आय ॲम स्केअर्ड. आता त्यांना कोण थांबवणार?"

गेले. थर्मासमध्ये चहा, मनात धाकधूक. नदी गढूळ, दुथडी, मध्यात अख्खी झाडाची फांदी वाहत चाललेली. भावजी काठाला धरून उभे, पाणी नडगीपर्यंत. तासभर काही नाही. ते पाठमोरे, आणि मी मागे खडकावर बसून त्यांच्या पायांवर डोळा ठेवून होते.

आणि काठी वाकली! केवढा मासा, अगं बाई! एकदा वर उसळला आणि निघाला थेट मधल्या धारेत. दोरी सरसर सुटायला लागली. भावजी एक पाऊल पुढे गेले, मग आणखी एक.

आणि मी, त्यांना आवरायला आलेली बाई, काय केलं असेल? उठून उभी राहिले आणि ओरडले, "अहो, जा की पुढे! दोन पावलं फक्त! सुटतोय तो!"

मालवणचं रक्त, दुसरं काय. शब्द तोंडातून गेले आणि मग आठवलं, यांना पोहता येत नाही.

भावजी थांबले. खाली वाकून पाहिलं. पाणी गुडघ्याशी आलं होतं. काठी थरथरत होती, तरी ते हलले नाहीत. मग दोरी तुटली.

"याच्या वर नाही, सुनेत्राताई," एवढंच म्हणाले आणि काठावर आले. तेव्हा मला दिसलं. बुटांवर लाल रेघ होती, ताजी, चकचकीत, आणि चांगली वाकडीतिकडी.

"तिचीच बाटली," ते म्हणाले. "आतलं पार घट्ट झालं होतं. वाकडी आलीय ना?"

"काही वाकडी नाही," मी म्हटलं, आणि चहा ओतता ओतता मला रडू आलं.

संध्याकाळी विनीताचा फोन. "मावशी, थांबवलंस ना बाबांना?"

"मी कसली थांबवतेय? मी तर त्यांना आत ढकलत होते," मी म्हटलं. "तुझ्या आईने थांबवलं गं."